संध्याकाळपर्यंत घरी आणतो

मे महिना आला की गराजमधला मोठा फ्रीझर बंद करून धुवायची मला लहर येते. गरज काही नसते. त्यात आता असतं तरी काय? मटारच्या पिशव्या, फोस्टर स्ट्रीटवरच्या देशी दुकानातून आणलेले पराठे, लेकीची, ईराची, आइस्क्रीमं आणि दिवाळीतलं उरलेलं सारण. ते कुणी खाणार नाही आणि मी टाकणार नाही. पण गल्लीत गटाराच्या कडेने तपकिरी पानं साचायला लागली, सकाळी गाडीच्या काचेवर दवाचा बर्फ धरायला लागला, की माझे पाय आपोआप गराजकडे वळतात. इतकी वर्षं झाली मेलबर्नला येऊन, तरी माझ्या डोक्यातला मे काही बदलायला तयार नाही. अंगावर दोन स्वेटर आणि मनात आंबे. शेजारच्या कोरियन आजी त्यांच्या झाडावरचं, केशरी टोमॅटोसारखं दिसणारं पर्सिमनचं फळ आणून देतात, ते मी हातात धरते आणि उगाच वास घेऊन बघते. त्याला वास नसतोच.

यंदाही डॅरनचा मेसेज आला. डॅरन म्हणजे माझ्या नवऱ्याचा, सुहासचा, डँडेनॉन्गच्या कारखान्यातला जोडीदार. दोघं ट्रकच्या बॉड्या बनवणाऱ्या विभागात आहेत. डॅरन लहानपणापासून डोंगरात शिकारीला जाणारा माणूस. ‘डार्गोला जातोय, मेट. येणार का?’ सुहासने मेसेज वाचला, फोन पालथा ठेवला आणि म्हणाला, "बघू."

तो आता जात नाही. ‘जाणार नाही’ असंही कधी म्हणत नाही. मीही विचारत नाही. एरवी मी न विचारता सोडते अशी गोष्ट आमच्या घरात दुसरी नाही.

सुरुवात मात्र हसण्यात झाली होती. डॅरन ज्या हरणाच्या मागे फिरतो त्याला तो ‘सॅम्बा’ म्हणतो. सुहासला वाटलं, असेल काहीतरी इथलं. एक दिवस डॅरनने फोटो दाखवला, तर हे आपलं सांबर! कुणा गोऱ्या साहेबाने पूर्वी जहाजातून आणून सोडलं, आणि ते इथल्या डोंगरात असं काही रुजलं की आता जंगलाला जड झालंय. त्यामुळे परवाना काढून मारायला मुभा. सुहास त्या दिवशी कारखान्यातूनच फोन करून ओरडला, "मनीषा, इथे सांबर मिळतं!" मी वर्ध्याची. आमच्याकडे सांबार म्हणजे कोथिंबीर. मी म्हटलं, "मग आण नं दोन जुड्या, वांग्याच्या भाजीत टाकते." पुढे कितीतरी दिवस आमच्याकडे कोथिंबीर निवडायला बसलं की ईरा विचारायची, "मम्मा, व्हेअर आर इट्स हॉर्न्स?"

हे आजऱ्याला, सासरी, व्हिडिओ कॉलवर सांगितलं तेव्हा आबा, म्हणजे माझे सासरे, हसले नाहीत. त्यांचा चेहरा एकदम तरतरीत झाला. आबा एसटीत वाहतूक नियंत्रक होते. उभा जन्म डेपोत खिडकीमागे बसून कुठली गाडी कुठल्या फाट्यावरून किती वाजता सोडायची, हेच केलं. पण त्याच्याही आधी, शिकारीवर बंदी यायच्या आधी, गावच्या माणसांबरोबर ते रानात हाक्याला जायचे. त्यांनी पहिला प्रश्न विचारला तो बंदुकीचा नव्हता, नेमबाजीचाही नव्हता. म्हणाले, "मारशील रे. घरी कसं आणणार?"

त्यानंतर आला तो लांबलचक लॉकडाउन. घरापासून पाच किलोमीटरच्या पुढे जायचं नाही, व्यायामाला तासभर, बाकी सगळं स्क्रीनवर. डार्गोचं नाव काढणं म्हणजे चंद्रावर जायची गोष्ट. आणि नेमका त्याच हिवाळ्यात बापलेकांनी ते सांबर घरी आणायचा बेत रचला. तिकडे आबांचं दुपारचं जेवण झालं की इकडे आमची संध्याकाळ. कणीक मळताना माझ्या कानावर रोज तेच. आबांनी नकाशा तोंडपाठ केला होता. ट्रारल्गनला ते ‘त्रालगाव’ म्हणायचे, आणि सेल नावाच्या गावाचं नाव निघालं की दर खेपेला विचारायचे, "तिथं काय सेल लागलाय का?" दर खेपेला स्वतःच हसायचे.

मला आधी वाटलं, रिकामटेकडे उद्योग. पण आबांचं ऐकत गेलं की त्यात एक सुसूत्रपणा दिसायचा. जनावर ओढ्याच्या तळाला असेल तर गोळी घालायची नाही. वर आणताना जीव जातो. रस्त्याच्या वरच्या अंगाला असेल तरच. तिथल्या तिथे मांस हाडावरून सोडवायचं, पाठपिशव्यांतून खेपा करायच्या. रात्रभर थंडीत टांगून निथळू द्यायचं. पाणी लागू द्यायचं नाही, भिजलं की गेलं. म्हणून सुटा बर्फ नको. यावर मी कणकेच्या हातांनी मध्ये तोंड घातलं, "दुधाच्या रिकाम्या कॅनमध्ये पाणी भरून गोठवा. वितळलं तरी आतच राहील." आबा म्हणाले, "सूनबाईला डेपोत घ्या." खोटं कशाला बोलू, मी त्या दिवशी फार खूश होते.

"मारायला एक माणूस पुरतो, आणायला गाव लागतं," हे आबांचं ठरलेलं वाक्य. आम्हाला गाव नव्हतं. आमच्याकडे डॅरन होता, मागे उघडा हौदा असलेली त्याची युट गाडी होती, दोन मोठे थंड पेटारे होते, आणि व्हॉट्सअ‍ॅपवर आबा.

कापडही त्यांनीच सांगितलं. प्लास्टिकात घाम सुटतो, पांढरं सुती कापड हवं, धुतलेलं, खळ नसलेलं. पुढे दुकानं उघडली तेव्हा मी फोस्टर स्ट्रीटवर जाऊन ताग्यातलं पांढरं कापड घेतलं. दुकानातल्या बाईंनी मोजता मोजता विचारलं, "पूजा के लिए?" मी म्हटलं, "हां जी." काय सांगणार होते? घरी आणून दोनदा धुतलं आणि मागच्या अंगणात वाळत घातलं.

मग आला पुढच्या वर्षीचा एप्रिल. इथे तेव्हा सगळं खुलं होतं. लोक कॉफी पीत फुटपाथवर बसलेले, ईराची शाळा सुरू, स्टेशनजवळच्या मॉलमध्ये गर्दी. आणि आमच्या हातातल्या फोनमध्ये रोज कुणी ना कुणी जात होतं. ‘भावपूर्ण श्रद्धांजली’ हे शब्द तेव्हा पहिली दोन अक्षरं टाइप केली की फोन स्वतःहून पुढे करायचा. माझ्या शाळेतली मैत्रीण गेली, सुहासचे मामा गेले. सकाळी डोळे उघडले की फोन घ्यायचा नाही असं मी ठरवायची, आणि ठरवताना तो हातातच असायचा. त्या गडबडीत आबांना ताप आला. संजय भाऊजी, म्हणजे सुहासचे मोठे भाऊ, त्यांना कोल्हापूरला घेऊन गेले, आणि बेड मिळाला म्हणून आम्ही देवापुढे साखर ठेवली. बेड मिळाल्याची साखर! काय दिवस होते ते.

घरच्या ग्रुपवर भाऊजी रोज दोन शब्द टाकायचे. ‘आबा स्थिर.’ ते स्वतः हॉस्पिटलबाहेर गाडीत झोपायचे. जाऊबाई मुलांना घेऊन माहेरी होत्या. आजऱ्याच्या घरात आई, म्हणजे माझ्या सासूबाई, एकट्या. त्या वर्षीच त्या व्हॉट्सअ‍ॅप शिकल्या होत्या, चष्मा कपाळावर सरकवून फोन नाकाजवळ धरून वाचायच्या. आम्हाला जाता येत नव्हतं. देशाबाहेर जायला परवानगी लागायची, आणि गेलं तर परतीची विमानं बंद. सुहास रोज त्या सरकारी पानावर जायचा, काहीतरी भरायचा, उठून अंगणात जायचा, परत यायचा. जेवायचा नाही. झोपायचा नाही. मी काही बोलले की "हं" म्हणायचा.

एकदा वॉर्डातल्या मावशींनी आबांसमोर फोन धरला. मास्कच्या आत आबांचा चेहरा अगदी एवढासा दिसत होता. सुहास नुसता "आबा, आबा" करत राहिला. आबांनी मास्क जरासा उचलला आणि विचारलं, "कधी निघताय?"

बस, एवढंच. आम्हाला दोघांनाही कळलं ते कशाबद्दल विचारताहेत.

डॅरनची मे महिन्यातली तारीख महिनाभर आधी ठरलेली होती. सुहास बॅग भरायला लागला तेव्हा मी जे बोलले ते काही लपवून ठेवत नाही. "बाप ऑक्सिजनवर आणि लेक शिकारीला! लोकांनी ऐकलं तर तोंडात शेण घालतील. तिथे फोनला रेंज नाही, काही झालं तर तुला सांगणार कोण?" तो शांत होता. म्हणाला, "मनीषा, इथे बसून मी काय करतोय सांग. फोनकडे बघतोय. ते एकच विचारतायत मला. ते तरी करू दे." मी म्हटलं, "काही झालं तर मी तुला माफ करणार नाही." मग मीच दुधाचे गोठवलेले कॅन पेटाऱ्यात रचून दिले, पांढरं कापड घडी करून वर ठेवलं. रागातसुद्धा मी व्यवस्थित काम करते, हा माझा स्वभाव आहे.

ते दोन दिवस थंडी कोरडी होती. मी उगाचच सुपारीएवढे लाडू केले, पडदे धुतले. फ्रीझर रिकामा करून पुसून कोरडा केला. आमच्या तिघांचा एक ग्रुप आहे, त्याचं नाव ‘घर’. दूध संपलं, ईराला आणायला कोण जाणार, असलं त्यात चालतं. सासरच्या सगळ्यांचा मोठा ग्रुप आहे, त्याचं नाव ‘घरचे’. पुण्याच्या आत्या, मुंबईचे चुलत दीर, गडहिंग्लजचे काका, सगळे त्यात. ‘घर’वर मी सुहासला मेसेज टाकत बसले होते. कापड पुरलं का? बर्फाचं काय? कधी निघणार? एकही त्याला पोचत नव्हता, एकच राखाडी खूण.

रविवारी दुपारी, इथली दुपार म्हणजे तिकडची सकाळ, मी गराजमध्ये असताना फोन वाजला. सुहासचा मेसेज होता.

‘झालं सगळं नीट. पांढऱ्या कापडात गुंडाळून ठेवलंय. बर्फ पुरेल असं वाटतं. संध्याकाळपर्यंत घरी आणतो.’

मला हायसं वाटलं. सांबर मिळालं, वेळेत निघाले, बर्फ टिकला. ‘वा’ असं लिहायला मी बोट टेकवलं, तर खालोखाल पुण्याच्या आत्यांचे जोडलेले हात उमटले. मग ‘ॐ शांती’. मग काकांचं ‘भावपूर्ण श्रद्धांजली. मोठा आधार गेला.’ मग आणखी कुणाचं, मग आणखी. मला काही सुधरेना. मी वर बघितलं. ग्रुपचं नाव होतं ‘घरचे’.

नंतर कळलं ते असं, की डोंगराच्या धारेवर क्षणभर रेंज आली, अडकलेले सगळे मेसेज एकदम कोसळले, भाऊजींचं ‘आबा स्थिर’ही त्यात आलं, आणि सुहासच्या गारठलेल्या बोटाखाली यादीतला एक ग्रुप जाऊन दुसरा आला. पाठवलं आणि रेंज गेली. मराठीत ‘घरी आणतो’ म्हटलं की काय आणतो हे सांगावं लागत नाही. कोण पाठवतंय हेही त्या दिवसांत कुणी बघत नव्हतं. एका मुलाच्या नावाने आलं, म्हणजे मुलाने कळवलं. विचारलं कुणीच नाही. सांबराला सगळ्या खानदानाने श्रद्धांजली वाहिली.

मी लिहिलं, ‘कुणी गेलेलं नाही! आबा आहेत! हे सांबर आहे!’ त्यावर चुलत दिराने विचारलं, ‘सांबार??’ त्या क्षणी मला हसू फुटलं, खरंच फुटलं, आणि हसता हसताच मी आईंचं नाव उघडलं. त्या नुकत्याच ऑनलाइन येऊन गेल्या होत्या, म्हणजे त्यांनी वाचलं होतं.

भाऊजींचा फोन बंद. आईंचा वाजत राहिला, वाजत राहिला, थांबला. मी परत लावला. परत. आजऱ्याला समोरच्या घरात राहणाऱ्या वहिनींचा नंबर माझ्याकडे नव्हता. ईरा दारात येऊन उभी राहिली, "मम्मा, व्हॉट हॅपन्ड? इज आबा ओके?" मी तिला म्हटलं, "हो गं, आबा ओके आहेत," आणि तेव्हा लक्षात आलं की तेही मला नक्की माहीत नाही. कितीतरी वेळाने आईंनी फोन उचलला.

"कळलं मला, मनीषा," त्या म्हणाल्या. आवाज अगदी सपाट. "आंघोळ करून आले आत्ताच."

"आई, नाही! आबा आहेत. तसं काही झालेलं नाही. तो मेसेज मटणाचा होता. सुहासने सांबर मारलंय ना, ते घरी आणतोय."

"काय आणतोय?"

"मटण, आई. हरणाचं मटण. चुकून ग्रुपवर पडलं. आबा स्थिर आहेत, सकाळीच भाऊजींनी कळवलंय."

मागे कुठेतरी नळ गळत असल्याचा आवाज येत होता. मग त्यांनी मला विचारलं, अगदी बारीक आवाजात, मी वडीलधारी असल्यासारखं, "बांगड्या काढून ठेवल्यात गं मी. फोडायचं धाडस होईना. आता परत घालू का?"

"घाला, आई. आत्ता घाला. मी फोन धरून थांबते."

एकेक बांगडी चढल्याचा आवाज मी ऐकला. गराजच्या गार फरशीवर बसून मी तेव्हा रडले.

सुहासला सेलला रेंज आली. त्याने आधी सगळं वाचलं, मग माझा फोन घेतला. पुढचं डॅरनने सांगितलं, की पेट्रोल पंपाच्या मागे तो बराच वेळ एकटा उभा होता. "ही वॉज नॉट गुड, लव्ह," एवढंच डॅरन म्हणाला आणि पेटारे गराजमध्ये ठेवून गेला. मटण उत्तम आलं होतं. कापड कोरडं, बर्फ शाबूत, आबांनी सांगितलं तसं सगळं. आम्ही दोघांनी ते कापलं, पिशव्या भरल्या, फ्रीझरमध्ये लावलं. त्याला माफ न करण्याबद्दल मी जे बोलले होते त्याची मला आठवणही नव्हती.

आईंना त्याने फोन केला, पण नीट बोलता आलं नाही. आबांना यातलं काही सांगायचं नाही असं ठरलं. फक्त भाऊजींनी वॉर्डात निरोप पोचवला, ‘सांबर घरी पोचलं.’ मावशी म्हणाल्या, आजोबांनी ऐकलं, अंगठा दाखवला.

त्याच आठवड्यात आबा गेले.

तेव्हा माणसं घरी देत नव्हते. हॉस्पिटलमधून परस्पर गाडी निघाली, भाऊजी मोटारसायकलवरून मागोमाग गेले, आणि लांबून, फाटकाच्या बाहेरून, त्यांना जे काही दिसलं ते त्यांनी फोनवर टिपून पाठवलं. चित्र हलत होतं. धूर, पत्र्याची शेड, निळ्या-पांढऱ्या पोशाखातली चार माणसं. त्यातले आबा कुठले हे आम्हाला कळलंसुद्धा नाही. सुहासने ते एकदाच बघितलं. हजारो गाड्या वेळेवर ज्या माणसाने घरी पोचवल्या, त्याला त्याच्या दारापर्यंत आणायला कुणाला जमलं नाही. मला याचा अजून राग येतो. कुणावर काढायचा ते कळत नाही, म्हणून मी फ्रीझर धुते.

महिना संपायच्या आत इथेही परत लॉकडाउन लागला. कुणी भेटायला येऊ शकलं नाही. मित्रांनी दाराशी डबे ठेवले, गाडीतून हात केले आणि गेले. तेरावा आम्ही स्क्रीनवर बघितला. सुतक संपल्यावर आईच म्हणाल्या, "ते मटण टाकू नका. त्यांचं मन त्यात होतं. करा आणि खा." कांदा-खोबरं भाजून, कोल्हापुरी चटणी घालून मी ते केलं. सुहासने पहिला घास घेतला आणि ताट सरकवून उठला. मी आणि ईराने जेवण संपवलं. चव चांगली होती, उगाच नाही कशाला म्हणू.

त्यानंतर एका दुपारी सुहासने आईंना फोन लावला. स्पीकरवर होता, मी भांडी विसळत होते. बोलता बोलता त्याचा बांध फुटला. "आई, मला क्षमा कर. मी तुला जिवंत माणसाच्या नावानं आंघोळ करायला लावली. तो मेसेज..." मी नळ बंद केला.

"रडू नको रं," आई म्हणाल्या. "ऐक माझं. तू लिवलेलं वाचलं आणि मी पहिलं अंगण झाडून घेतलं. सोप्यातलं कॉट ओढून जागा केली. तुळशीम्होरं पाणी मारलं. संध्याकाळपर्यंत घरी आणतो म्हणालास न्हवं तू. सगळ्यांची माणसं परस्पर न्यायला लागलेली बाळा, माझं माणूस तेवढं घरी येतंय असं वाटलं. तेवढा वेळ मला लई बरं वाटलं बघ."